नवव्या पाटीजवळचा खड्डा

१

सप्टेंबरचा तिसरा बुधवार, सकाळी सव्वाआठ. माला सिपा खाडी, पाण्याखालची वाट. वाळूत रोवलेल्या पाट्या: बारा. प्लास्टिकच्या बाटल्या: तीन. कुणीतरी विसरलेला पोहण्याचा चष्मा: एक. मेलेल्या पेरिस्का: चाळीस. जिवंत पेरिस्का: शून्य.

सोमवारी हा शेवटचा आकडा एक होता.

मी वर येऊन श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्या पाटीपासून मोजत आले. जूनपासून आठवड्यातून दोनदा मी ही वाट पोहते आहे. हंगामाच्या शेवटी आपल्याच डोळ्यांवर आपला फारसा विश्वास उरत नाही. दुसऱ्यांदाही चाळीसच भरल्या.

पेरिस्का म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब अशी शिंपली. निमुळतं टोक वाळूत रुतवून ती मिटलेल्या पंख्यासारखी उभी असते. माझ्या लहानपणी या खाडीत त्या इतक्या होत्या की पाय टेकायची भीती वाटायची. मग सगळ्या समुद्रात रोग आला आणि त्या उभ्या उभ्या मेल्या. रिकाम्या शिंपल्या अजून तशाच उभ्या आहेत. एकच वाचली, नवव्या पाटीजवळची. ती का वाचली हे शोधण्यासाठी सागरी संशोधन संस्थेनं मला पाण्यात लिहिता येईल अशी एक वही, एक स्टॉपवॉच आणि बेकरीच्या वरची एक खोली दिली आहे.

काम सोपं आहे. ऊन असताना तिच्यावर हाताची सावली पाडायची आणि झडपा मिटायला किती वेळ लागतो ते मोजायचं. असं तीनदा करायचं आणि तीन आकड्यांतला मधला धरायचा. दोन सेकंदांच्या आत मिटली तर निरोगी. पाचाहून जास्त लागले तर ती काही दिवसांची सोबती. दोन आणि पाच यांच्या मधलं काही आलं तर काहीच सांगता येत नाही. सोमवारी सकाळी, वारा फिरायच्या आधी, नोंद होती १.६.

आता तिथे खड्डा होता. खोली सोळा सेंटिमीटर. खड्ड्यापासून निघालेला एक उथळ चर, दोन हात लांब. शिंपलीचे तुकडे: शून्य. हा शून्य मी दोनदा तपासला.

धक्क्याशी येऊन मी पायऱ्या चढले. एरवी सात पायऱ्या कोरड्या असतात, आज पाच होत्या. सोमवारी दुपारपासून युगो सुटला होता. दक्षिणेचा हा दमट वारा आला की आमच्या स्मोक्वीना गावात मिठाचे गोळे होतात, चादरी वाळत नाहीत आणि नवराबायको एकमेकांना उत्तरं देत नाहीत. साडेतीन महिने पाहुण्यांपुढे हसून गावाचे गाल आधीच दुखत होते. त्यात आभाळ राखाडी आणि डोकं जड.

शेवटच्या पायरीवर बंदर कचेरीच्या श्योरा टेरेझा उभ्या होत्या; 'श्योरा' म्हणजे आमच्याकडे 'बाई'.

"तिहाना, काय हरवलंय ते सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "कुणी नेलं ते माझ्या टेबलावर पडलंय."

२

टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर एक छोटा नांगर ठेवला होता. चार लोखंडी आकड्यांचा, वजन अडीच किलो, निळा रंग. एका आकड्याला सोनेरी केसांचा गुंता अडकला होता. पेरिस्का ज्या धाग्यांनी वाळू धरून ठेवते, ते हे धागे. मी ते झोपेतसुद्धा ओळखले असते.

रंगावरून मालकही कळतो. आमच्या धक्क्यावर प्रत्येकाचा रंग ठरलेला आहे. निळा बार्बा येरकोचा.

बार्बा येरको कोपऱ्यातल्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. म्हाताऱ्या दर्यावर्दी माणसाला आम्ही बार्बा म्हणतो. वय एकाहत्तर. त्यांच्या 'स्वेता काता' बोटीच्या तळाला काच आहे; ती त्यांनी स्वतः बसवली, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. ज्यांना पोहता येत नाही त्यांना ते समुद्राचा तळ दाखवतात. स्मोक्वीनात आलेला एकही पाहुणा त्या काचेवर नाक टेकवल्याशिवाय गेलेला नाही.

"काल सकाळी धक्क्याच्या कडीवर स्वच्छ लटकलेला होता, आज हा असा," टेरेझा म्हणाल्या. "मी विचारलं, हा तुमचाच ना? तर म्हणतात, माझाच."

"माझाच आहे. लिही," बार्बा म्हणाले.

"नियम माहीत आहे ना, बार्बा? नांगर ज्याचा, जबाबदारी त्याची. संरक्षित जीव मारला तर परवाना कायमचा रद्द. तुमची बोट मग दारात फुलझाडं लावायला."

"लिही म्हटलं ना."

"तुम्ही माला सिपात नांगर टाकला?" मी विचारलं.

"आठवत नाही."

"बार्बा, तुम्हाला एकोणीसशे ऐंशीतली हवा तारखेवार आठवते."

"तेव्हाची आठवते. परवाची नाही. म्हातारपण म्हणतात याला, पोरी. तुझ्या पुस्तकात नसेल."

टेरेझांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही थकल्या होत्या; उन्हाळाभर त्यांनी कुणाची बोट कुणाला घासली याचीच भांडणं सोडवली होती. "समिती बसेल तेव्हा बघू. युगोत काही बसत नाही."

हे त्यांनी गमतीत म्हटलं नव्हतं. स्मोक्वीनाची बंदर समिती युगो असताना निर्णय घेत नाही. या वाऱ्यात माणूस चुकीचं ठरवतो, असं पणजोबांच्या काळापासून मानलं जातं आणि अजून पाळलं जातं.

"शनिवारी वारा उत्तरेचा होणार आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी दहा वाजता समिती. तोपर्यंत तू ती जिवंत आणून दाखवलीस तर प्रकरण ताकिदीवर मिटेल. पण अर्धमेली नको. तुझ्याच कागदावर लिहिलंय, दोन सेकंदांच्या आत. तेवढं दाखव."

बाहेर पडल्यावर बार्बांनी माझा दंड धरला. पकड अजून घट्ट होती.

"तिहाना, तू चांगली मुलगी आहेस. मोजायचं ते मोज. पण शोधू नकोस."

३

निर्दोष माणूस असं म्हणत नाही. अपराधीही म्हणत नाही. असं म्हणतो तो तिसऱ्याच कुणाला तरी ओळखणारा माणूस.

पण मी आधी सोपं टोक धरलं. ती पेरिस्का जिवंत असावी असं ज्यांना वाटत नव्हतं, त्यांत पहिलं नाव विंकाचं. विंका वेगवान बोटीमागे पॅराशूट बांधून पाहुण्यांना हवेत उडवते. संस्थेनं पेरिस्काभोवती अर्ध्या मैलात वेगाच्या बोटींना बंदी घालायचं ठरवलं होतं. पुढच्या मेपासून विंकाला वळसा घालून जावं लागणार होतं.

गुरुवारी ती धक्क्यावर दोरांच्या वेटोळ्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.

"आलीस? मला वाटलं काल दुपारीच येशील. शिंपली मेली, विंकाला धरा."

"मेली असं मी म्हटलेलं नाही."

"गाव म्हणतंय. आणि खरं सांगू का, ती होती तेव्हा मला तिचा रागच होता. एवढीशी ती वस्तू, आणि मी तिला वळसा घालायचा. पण कुणी जाऊन उपटायची म्हणजे..." तिनं सालं पाण्यात थुंकली. "माझी आजी त्या धाग्यांचे मोजे विणायची, माहितीये? ती खाडीतली शेवटची होती. मी नसतं केलं."

"मंगळवारी बोट बाहेर काढलीस?"

"युगोत? पॅराशूट? चार पाहुणे थेट इटलीत उतरवायचे का?" तिनं हनुवटीनं बोटीकडे दाखवलं. "जा, बघून ये."

मी गेले. ताडपत्री घट्ट बांधलेली होती. दोर आणि धक्क्याची लोखंडी खुंटी यांच्यामध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि त्यात तीन माश्या सुकून पडल्या होत्या. ती बोट निदान दोन दिवस तरी हललेली नव्हती. तिचा नांगरही पाहिला: पिवळा, बारा किलोंचा.

"अडीच किलोंच्या नांगरानं ही थांबेल का?" मी परत येऊन विचारलं.

"कुत्र्याच्या साखळीनं बैल बांधतेस का? येरकोचीसुद्धा थांबणार नाही. त्याचा मोठा नांगर वेगळाय. ते छोटं तो कडीवर ठेवतो, ज्याला लागेल त्यानं न्यावं, परत आणून गोड्या पाण्यात धुवून लटकवावं. मीही नेते कधीकधी."

"मंगळवारी कुणी नेला?"

"ते नाही दिसलं. पण अकरा वाजता कडी रिकामी होती. आणि येरको त्याच्या बोटीत तोंडावर टोपी घेऊन घोरत होता. वाटलंच होतं मला, आज म्हाताऱ्याला फ्याका लागलीये."

फ्याका म्हणजे दुपारच्या उन्हात किंवा युगोत अंगात भरणारी ती जडता, ज्यात माणूस जागा असतो पण हलत नाही. आमच्याकडे हे वैद्यकीय कारण मानलं जातं.

मी वहीत लिहिलं. नांगर अकरा वाजता गेला होता आणि मालक झोपला होता. शिवाय नांगर धुतलेला नव्हता. बार्बा येरको तर चमचासुद्धा गोड्या पाण्यात दोनदा धुतात.

अडीच किलोंच्या नांगरावर थांबेल इतकी हलकी होडी आमच्या धक्क्यावर एकाच माणसाकडे आहे. एक नव्हे, अकरा.

४

याकोवची शेड धक्क्याच्या टोकाला आहे. अकरा कयाक फळीवर उलट्या घालून वाळत होत्या, म्हणजे वाळत नव्हत्या. याकोव एकोणतीस वर्षांचा. स्वतःच्या नावावर परवाना मिळून त्याचा हा पहिलाच हंगाम. जूनमध्ये तो पाहुण्यांना चार भाषांत विनोद सांगायचा. आता त्याचे ओठ मिठानं फुटले होते, केस ओले होते आणि एकाही भाषेत विनोद उरला नव्हता.

"कॉफी?" तो म्हणाला. "नको म्हण. उठायला लागेल."

"नको. पोहून आलास?"

"असाच. पाठ मोकळी करायला."

जुलैत मी त्याला पोहायला चल म्हटलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता की पाणी हे त्याच्यासाठी कचेरी आहे आणि सुट्टीत कचेरीत कुणी जात नाही. मी तेवढ्यापुरतं लक्षात ठेवलं.

"मंगळवारी कुठे होतास?"

"कामावर. चार झेक पाहुणे. दक्षिणेला लाटा होत्या म्हणून उत्तरेच्या बाजूनं गेलो. तिकडे पाणी तेलासारखं होतं. बारा वाजता गोलुबिंका गुहेत होतो. आत जाऊन कबुतरं दाखवली, हाका मारायला लावल्या, बाहेर आलो आणि थेट धक्क्यावर परत. नेहमीचं."

"कमानीखालून?"

"दुसरा रस्ता आहे का? पाठीवर आडवं व्हायचं, हातांनी छत ढकलत जायचं. एका बाईचं नाक खरचटलं, खूश होती. झेक लोकांना दुखलं की पैसे वसूल झाले असं वाटतं."

"ते पाहुणे?"

"बुधवारी सकाळच्या जहाजानं गेले."

उत्तरेची बाजू युगोत शांत असते हे खरं. तिथं गोलुबिंका गुहाही आहे आणि माला सिपाही, पण दोन्हींमध्ये वल्हवत अर्धा तास लागतो. बारा वाजता गुहेत असलेला माणूस आणि अकराला कडीवरून गेलेला नांगर यांचा मेळ बसत नव्हता. गुहेत नांगर लागत नाही.

"बार्बा येरकोचा परवाना जाणार," मी म्हटलं.

त्यानं हातातला स्पंज पिळला. तो कोरडाच होता.

"कुम काय म्हणाले?" आमच्याकडे धर्मपित्याला कुम म्हणतात; बार्बा येरको याकोवचे कुम.

"म्हणाले, लिही."

"त्यांना म्हणावं, गप्प बसू नका." त्यानं स्पंज पुन्हा पिळला. "तू काळजी करतेस तेवढी ती नाजूक नाहीये, तिहाना. दिवसा उघडी असते, संध्याकाळी अर्धी मिटते. चिवट आहे. सगळा समुद्र मेला तेव्हा ती मेली नाही."

"आता काय उपयोग?"

"हो," तो म्हणाला. "तेही आहे."

मी बोलण्याची नोंद शब्दशः ठेवते. ही सवय प्रयोगशाळेतली. खोलीवर येऊन ती सगळी वाक्यं उतरवली, याकोवच्या नावापुढे 'बारा वाजता गुहेत' लिहिलं आणि नावावर रेघ मारली. संशयित: शून्य. मग मी कपड्यांसकट झोपले.

५

शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी धक्क्याला रंगवलेली मोजपट्टी वाचायला गेले. समुद्राची पातळी रोज बाराला नोंदवायची, हेही माझंच काम. जूनपासून एकानंही या आकड्यांबद्दल विचारलेलं नाही. कुणाला पडलीय? आमच्या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. इथे जन्मलेला माणूस पाण्याच्या रेषेला भिंत समजतो. आमचे दरवाजे, धक्के, कथा आणि थापा, सगळं याच समजुतीवर बांधलेलं आहे.

पट्टी: अधिक ३८ सेंटिमीटर. गुरुवार, बुधवार: अधिक ३९. मी पान उलटलं. मंगळवार: अधिक ४१.

मी तिथेच, पाण्यालगतच्या पाचव्या पायरीवर, बसले.

युगो दिवसन्‌दिवस पाणी या बाजूला लोटत राहतो आणि हवेचा दाब उतरला की समुद्र फुगतो. लाटा फक्त दक्षिणेला असतात. फुगवटा सगळीकडे असतो, तेलासारख्या शांत पाण्यातसुद्धा. जुलैमध्ये, करायला काहीच नव्हतं अशा एका दिवशी, मी गोलुबिंकाच्या कमानीची उंची मोजली होती. शून्य पातळीपासून ५५ सेंटिमीटर. याकोवच्या कयाकची कड पाण्यावर २५ सेंटिमीटर असते.

पंचावन्नातून एक्केचाळीस गेले, राहिले चौदा.

चौदा सेंटिमीटरमधून आडवा झालेला माणूस सोडा, रिकामी कयाकही जात नाही. मंगळवारी बारा वाजता गोलुबिंकाचं दार बंद होतं. झेक बाईच्या नाकाला छत लागलं असेल, पण त्या दिवशी नाही.

मी खोलीवर जाऊन वही उघडली. मारलेली रेघ खोडली आणि त्या तीन जणांची पेरिस्काबद्दलची वाक्यं पुन्हा वाचली. विंका: 'ती होती तेव्हा', 'शेवटची होती'. टेरेझा: 'जीव मारला तर'. मीसुद्धा आईला फोनवर सांगताना 'होती'च म्हटलं होतं. सगळं गाव 'होती' म्हणत होतं.

याकोव म्हणाला होता, 'नाजूक नाहीये. संध्याकाळी अर्धी मिटते. चिवट आहे.'

हे बोलणारा माणूस तिला आदल्या संध्याकाळी पाहून आला होता.

६

शेडमध्ये बार्बा येरको आधीच बसले होते. दोघं एकाच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"चौदा सेंटिमीटर," मी म्हटलं.

याकोवनं विचारलंही नाही कशाचे. थोडा वेळ हिशेब केला आणि डोळे मिटले. "पाणी चढलं होतं, हे तुला कळेल असं... तिहाना, मी तिथवर गेलो होतो ग. दार बंद बघितलं. पाहुणे म्हणाले, मग दुसरं काय दाखवतोस?"

"आणि तू माला सिपात नेलंस."

"पाच कयाक एकमेकींना बांधल्या, कुमचा नांगर टाकला. माझा स्वतःचा सोमवारी दोर तुटून गेला होता, म्हणून सकाळी कडीवरचा घेतला होता. पाट्यांपासून लांब टाकला होता, शपथ. सगळे पोहायला उतरले. वाऱ्याचा झोत आला, पाचही कयाक एकदम फिरल्या, आणि नांगर घसरत गेला. मी बुडी मारली तेव्हा ती आडवी पडली होती. फुटली नव्हती. एक टवकासुद्धा नाही."

म्हणून चर होता आणि तुकडे नव्हते.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तिला उपटलं म्हणून? तूच जूनमध्ये शाळेतल्या पोरांना सांगत होतीस, ओल्या कापडात गुंडाळली तर अर्धा तास तग धरते, एक तृतीयांश वाळूत पुरली तर नवे धागे काढते. मी ऐकत होतो मागे. तिला पाण्यातच ठेवून पाहुणे सोडले, परत गेलो, ओल्या कापडात नेऊन पुरली. म्हटलं, धरलं तिनं तर स्वतःच येऊन सांगेन. नाही धरलं तरी सांगेन. पण आधी कळू दे."

"आणि बुधवारी नांगर टेबलावर गेला."

"मी धुवायचा विसरलो," याकोव म्हणाला. "कुमला म्हटलं, मी जाऊन सांगतो. तर यांनी दार अडवलं."

"का अडवू नये?" बार्बा टोपीकडे बघत म्हणाले. "बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरला होता याला. सहा पौंडांचा होता आणि माझ्या कोटावर ओकला. तेव्हा पाद्रीसमोर म्हटलंय, याचा भार माझा. आणि नियमही तोच सांगतो, नांगर ज्याचा त्याची जबाबदारी. याचं नाव घेतलं तरी माझा परवाना जाणार तो जाणारच, वर याचाही जाईल. एकाच्या जागी दोन. तू विज्ञान शिकलीस ना? कर वजाबाकी."

वजाबाकी बरोबर होती. कुणी टाकला हे कळल्यानं नांगराचा मालक सुटत नव्हता. त्याला सोडवायला ती मेली की जगली, एवढंच उरत होतं.

"कुठे पुरलीस?" मी विचारलं.

"सिपाच्या टोकापलीकडे. समुद्रगवतात मोकळी वाळू आहे तिथे; तिकडे कुणी नांगर टाकत नाही. भोवती सात दगड लावलेत."

"मिटते?"

"पाण्यात हात हलवला की मिटते. हळू की पटकन, मला कळत नाही. मला घड्याळाशिवाय सगळं हळूच वाटतंय या आठवड्यात."

आभाळ राखाडी होतं. सावली पडत नव्हती. मोजायला काही नव्हतं.

७

शनिवारी पहाटे बेकरीची खिडकी आपटली. उत्तरेचा कोरडा वारा, बुरा, डोंगरावरून उतरला होता. रस्त्यात लोक एकमेकांना नमस्कार करत होते. मिठाची बरणी हलवली तर मीठ सुटं झालं होतं. धक्क्याच्या आठ पायऱ्या कोरड्या होत्या, नेहमीपेक्षा एक जास्त.

समितीची तीन माणसं आणि श्योरा टेरेझा यांना न्यायचं कसं, हा प्रश्न निघाला. विंका म्हणाली, माझ्या बोटीतून समुद्राचा तळ दिसत नाही. मग सगळ्यांनी 'स्वेता काता'कडे पाहिलं.

"तिकीट लागेल," बार्बा येरको म्हणाले.

टेरेझा त्यांचा हात धरून आत उतरल्या. याकोव पुढे उभा राहून रस्ता दाखवत होता. त्यानं समितीला सगळं सांगितलं होतं, एका दमात, विनोदाशिवाय. टेरेझांनी लिहून घेतलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "याच्याबद्दल नंतर. आधी ती."

सिपाचं टोक ओलांडल्यावर, वारा अडला तिथे, बार्बांनी इंजिन बंद केलं. मोठा नांगर टाकला नाही; याकोवला वल्ह्यांवर बसवून बोट जागेवर धरायला लावली. चौघंजण काचेवर वाकले. मी पाण्यात उतरले.

दगड सात. मध्ये ती. वाळूवर एकतीस सेंटिमीटर, म्हणजे सोळा आत. नवव्या पाटीजवळ होती तेवढीच. झडपा दोन बोटं उघड्या. खाली वाळूच्या रेषेशी काहीतरी चमकलं; चार-पाच केस, नवे की जुने, वरून सांगता येत नव्हतं.

बोटीची सावली तिच्यावर पडू नये म्हणून मी याकोवला बोट थोडी पश्चिमेला घ्यायला लावली. सूर्य पाठीवर घेतला. एका हातात स्टॉपवॉच. वर काचेमागे चार तोंडं आणि पाचवं, टोपी घातलेलं, थोडं मागे. वल्ही थांबली होती.

मी हात पुढे केला.

पहिली सावली: २.३.

वर आले, श्वास घेतला. झडपा पुन्हा पूर्ण उघडायला अकरा मिनिटं लागली. मी थंडीनं कुडकुडत ती मोजली.

दुसरी सावली: १.८.

पुन्हा अकरा मिनिटं. बार्बा येरकोंनी टोपी काढून काचेच्या कडेवर ठेवली.

तिसरी सावली: १.९.

वहीत लिहिलं: शनिवार, सकाळी १० वाजून ४७ मिनिटं. खोली ४.६ मीटर. जिवंत पेरिस्का: एक. नोंद: १.९ सेकंद.